प्रतिवादी नंबर एक : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर

२० मार्च ही तारीख आपल्या समाजातल्या लहान पोरालाही पाठ असते. त्या दिवशी आमच्या मेढ्याहूनही गाड्या निघतात. केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी उतरून पोलादपूर आणि मग महाड. चवदार तळ्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायचे, ओंजळभर पाणी घ्यायचे, पुस्तकांच्या स्टॉलवर तास-दोन तास घालवायचे आणि रात्री परतायचे, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गाडीत मी एक प्रश्न हटकून विचारतो. २० मार्च १९२७ सांगितलेत, २५ डिसेंबर १९२७ सांगितलेत, आता १७ मार्च १९३७ रोजी काय झाले ते सांगा. आजवर कोणी धड उत्तर दिलेले नाही. शिकलेल्यांनी नाही, वकिलांनीही नाही. यात मी स्वतःलाही सोडत नाही. सनद घेऊन पाच वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर मला ती तारीख कळली.

त्या दिवशी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याचा दावा कायमचा निकालात काढला. एका बाजूला महाडचे नरहरी दामोदर वैद्य व इतर सवर्ण, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी नंबर एक म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. चवदार तळ्याचा लढा आपण भाषणांत एका दिवसाचा करून टाकतो. तो दहा वर्षे चालला आणि त्यातली सव्वानऊ वर्षे कोर्टात गेली. २०२७ हे सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. त्या निमित्ताने मिरवणुका होतीलच, पण या सव्वानऊ वर्षांचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाबासाहेब आणि पाणी यांची गाठ महाडला पडली असे मानणारे पुष्कळ आहेत. ती पडली आमच्या सातारा जिल्ह्यात. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर दापोलीहून साताऱ्याला आले. माता भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच झाले, तेव्हा भीमराव जेमतेम पाच-सहा वर्षांचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. पुढच्या वर्षी सुटीत ही भावंडे वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते. काम कोणते? दुष्काळाने माणसे मरत होती म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते, त्या तलावाच्या मजुरीचे पैसे वाटण्याचे! पोरे रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाड्याच्या बोलीवर बैलगाडी मिळाली, तरी गाडीवान शेजारी बसेना. पोरांनीच गाडी हाकली. सोबत जेवण होते, पण रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. बाप सरकारी तलावाच्या कामावर आणि लेकरे तहानलेली. ज्या मुलाने नऊ-दहा वर्षांचा असताना ही रात्र काढली, तो बॅरिस्टर झाल्यावर पाण्याच्या हक्काकडे कसा पाहील, हे समजायला मोठ्या ग्रंथांची गरज नाही.

मधला काळ वाचकांना तोंडपाठ आहे, म्हणून भराभर पुढे जातो. १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये बी.ए., १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया, मग लंडन. १९२२ मध्ये ग्रेज इन मधून बॅरिस्टर. १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली ती मित्र नवल भाथेना यांनी पैशाची मदत केली तेव्हा. अस्पृश्य वकिलाकडे बडे पक्षकार येणार कुठून? गोरगरिबांचे मुफसल कोर्टातले खटले यायचे. पोटासाठी त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. आज नव्या सनदेची आमची मुले पहिल्या वर्षी पक्षकार नाही म्हणून खचून जातात. त्यांनी बाबासाहेबांची १९२३ ते १९२७ ही वर्षे वाचावीत.

त्याच सुमारास मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात, दोघांची भेट तीन वर्षे झाली नाही. ती २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी घडवली. नंतर काय झाले ते ठाऊकच आहे. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठवून परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालवल्या आणि दुसऱ्या दिवशी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध केले. ज्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, गुरेढोरे पाणी पीत होती, ते तळे आपल्या हातांनी बाटले! ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी उत्तर म्हणून २५ डिसेंबरची सत्याग्रह परिषद जाहीर केली.

आता इथे कायद्याची गोष्ट सुरू होते. १२ डिसेंबर १९२७ रोजी, परिषदेला तेरा दिवस उरले असताना, सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा क्रमांक ४०५ दाखल केला. मागणी अशी, की चवदार तळे स्पृश्यांचे खाजगी आहे, अनादी काळापासून तेच वापरत आले आहेत, अस्पृश्यांना तिथे हक्क नाही, असे ठरवून द्यावे आणि त्यांना कायमची मनाई करावी. प्रतिवादी म्हणून बाबासाहेब, त्यांचे सहकारी सीताराम नामदेव शिवतरकर, महाडचे कृष्णाजी कदम आणि एक चर्मकार बांधव गण्या मालू. फक्त चार-पाच माणसे. मग या माणसांवर मनाई मिळवून सवर्णांचा काय फायदा? बाबासाहेबांना अडवले तर उरलेले हजारो लोक तळ्यात उतरायला मोकळेच होते.

म्हणून त्यांच्या वकिलाने दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १ नियम ८ बाहेर काढला. कॉलेजात हा नियम आम्हाला दहा मिनिटांत शिकवून संपवला होता. नियम सांगतो की, एकाच हितसंबंधाची माणसे पुष्कळ असतील तर कोर्टाच्या परवानगीने त्यांच्यातले एक-दोघे सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात, किंवा सगळ्यांच्या वतीने त्यांच्यावर दावा लावता येतो. सर्व संबंधितांना नोटीस द्यावी लागते. माणसे फार असतील तर जाहीर नोटीस. मग निकाल त्या सगळ्यांना बांधतो, ते कोर्टात आलेले असोत वा नसोत. महाडच्या वादींनी स्वतःला सगळ्या स्पृश्यांचे प्रतिनिधी केले आणि बाबासाहेबांना सगळ्या अस्पृश्यांचे. अमेरिकेतल्या ज्या क्लास अॅक्शन दाव्यांच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे हे आपल्याकडचे भावंड. तिकडे बहुधा लहान माणसे मिळून मोठ्या कंपनीला कोर्टात खेचतात. इथे उलटे झाले. वरच्यांनी गट करून खालच्या सगळ्या गटालाच आरोपीच्या पिंजऱ्यासारखे उभे केले.

१४ डिसेंबरला कोर्टाने तूर्तातूर्त मनाई हुकूम दिला. ही कायद्याची चाल किती बेरकी होती ते पाहा. परिषदेला कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हजारो लोक पायपीट करून आले, मनुस्मृतीचे दहन झाले, तुरुंगात जायची तयारी करून माणसे बसली होती. आणि हातात कोर्टाचा कागद. कलेक्टरांनी परिषदेत येऊन हुकूम मोडू नका म्हणून समजावले. लोक ऐकायला तयार नव्हते. शेवटी २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून गेली, पाण्याला कोणी हात लावला नाही.

या निर्णयावरून आजही काही जहाल मंडळी नाक मुरडतात. माझे मत वेगळे आहे, आणि ते वकील म्हणून आहे. मनाई प्रातिनिधिक दाव्यातली होती, म्हणजे तिथे जमलेला प्रत्येक माणूस तिने बांधलेला होता. पाण्याला हात लावला असता तर प्रत्येकजण हुकूम मोडणारा ठरला असता आणि तळ्याचा प्रश्न बाजूला पडून कोर्टाच्या अवमानाचा प्रश्न पुढे आला असता. वादींना हेच हवे होते. बाबासाहेबांनी त्यांना ते दिले नाही. कैफियत दाखल केली, २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठवून घेतली आणि मूळ दावा लढायला ते उभे राहिले.

या काळात ते काय काय करत होते ते आठवा. सायमन कमिशनपुढे साक्ष, तीन गोलमेज परिषदा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार, १९३५ मध्ये रमाईंचे निधन, त्याच वर्षी सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद, येवल्याची धर्मांतराची घोषणा, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. आणि या सगळ्याच्या खालून एक तळ्याचा दावा तारखेमागून तारीख चाललेला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. सवर्ण ठाण्याच्या जिल्हा कोर्टात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी अपीलही फेटाळले गेले. मग दुसरे अपील हायकोर्टात. तिथे न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी ते फेटाळले.

हायकोर्टात मालकीचा मुद्दा टिकण्यासारखा राहिलाच नव्हता. तळे नगरपालिकेचे होते. राहिली रूढी. रूढीला कायद्याचे बळ हवे तर ती अनादी काळापासून अखंड चालत आलेली आहे हे सिद्ध करावे लागते. अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते, एवढे दाखवल्याने त्यांना हाकलण्याचा हक्क अनादी काळापासून होता हे सिद्ध होत नाही. वादी तिथे पडले. अशी रूढी न्याय्य आहे की अन्याय्य, या प्रश्नात न्यायमूर्ती शिरले नाहीत. रूढीच सिद्ध झाली नाही म्हटल्यावर त्यांना शिरायची गरज नव्हती. आपले वक्ते हायकोर्टाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली असे ठोकून देतात, ते खरे नाही. ते काम बाबासाहेबांना पुढे संविधानात करावे लागले. कलम १७ सगळ्यांना माहीत आहे. कलम १५ चे दुसरे उपकलमही वाचा. त्यात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांची नावे घेऊन भेदभावाला बंदी आहे. हायकोर्टाने न सोडवलेला प्रश्न त्या ओळीत सुटलेला आहे.

पण या निकालात एक मोठी गंमत आहे आणि ती फक्त प्रातिनिधिक दाव्यामुळे आहे. वादींनी विचार केला तो जिंकण्याचा. जिंकलो तर महाडच्या प्रत्येक अस्पृश्याला, जन्माला न आलेल्यालाही, बांधून टाकू. हरलो तर काय, हा विचार त्यांनी केला नाही. नियम दोन्ही बाजूंना सारखा आहे. दावा सगळ्या स्पृश्यांच्या वतीने लावला होता, म्हणून हारही सगळ्या स्पृश्यांची झाली. उद्या दुसरा कोणी स्पृश्य उठून मी त्या दाव्यात नव्हतो, मी नवा दावा लावतो, असे म्हणू शकत नव्हता. संहितेच्या कलम ११ मधला पूर्वन्यायाचा सहावा खुलासा हेच सांगतो. त्यांनीच विणलेल्या जाळ्यात ते सगळे एकदम सापडले. साध्या दाव्यात ही सोय नव्हती. तळ्याभोवतीच्या प्रत्येक घराने एकेक दावा लावून पुढची पन्नास वर्षे खाल्ली असती.

असल्या दाव्यांचा उपयोग काय, असे मला मेढ्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर तरुण विचारतात. शंभर दाव्यांचा एक होतो आणि शंभर कोर्टांतून शंभर वेगळे निकाल येत नाहीत, हे तर आहेच. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे. एकट्या माणसाचे नुकसान दोन-पाच हजारांचे असते. त्यासाठी तो वकील लावणार नाही, आणि लुबाडणाऱ्याला हे पक्के माहीत असते. त्याचा धंदाच त्यावर चालतो. हजार माणसांचे नुकसान एका कागदावर आले की त्याला झोप लागत नाही. म्हणूनच ग्राहक संरक्षण कायद्यात १९८६ पासून अनेक ग्राहकांच्या वतीने तक्रारीची सोय आहे, ती २०१९ च्या कायद्यातही ठेवली आहे; कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४५ मध्ये भागधारक व ठेवीदारांना ती दिली आहे. आपल्या समाजात या सोयी वापरणारे विरळा.

याला दुसरी बाजूही आहे. प्रतिनिधी कोण, यावर सगळे अवलंबून असते. महाडला आपल्या सुदैवाने प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब होते. शत्रूनेच त्यांची निवड केली होती! भोपाळच्या वायुपीडितांचे तसे झाले नाही. १९८५ च्या कायद्याने भारत सरकार सर्व पीडितांचे प्रतिनिधी बनले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसे जळाली त्यांना आधी कोणी विचारले नाही. सगळ्यांच्या वतीने बोलणारा सगळ्यांच्या वतीने विकूही शकतो. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत आदेश २३ नियम ३ ब घातला तो याचसाठी. प्रातिनिधिक दाव्यात कोर्टाच्या परवानगीवाचून तडजोड नाही, आणि परवानगीआधी संबंधितांना नोटीस हवी.

हा नियम मला पुस्तकात भेटला असता तर मी विसरलो असतो. तो भेटला आमच्या जावळी तालुक्यातल्या एका गावात. चाळीसेक घरांची बौद्ध भावकी. महार वतनाची जमीन. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, म्हणजे तळ्याच्या निकालानंतर सहाच महिन्यांनी, बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत वतन रद्द करण्याचे बिल मांडले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, १९५९ मध्ये. जमीन नजराणा भरून भावकीला परत मिळाली, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही या अटीवर. पुढे रस्ता झाला, जमिनीला भाव आला. बाहेरच्या एका माणसाने भावकीतल्या तिघांवर दावा लावला, तिघांनी मुंबईहून येऊन तडजोडीवर सह्या केल्या, हुकूमनामा झाला. आता तो हुकूमनामा उरलेल्या सदतीस घरांपुढे नाचवला जातो. एक आजी फाटका सातबारा पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. तिघांच्या सहीने चाळिसांची जमीन जाते का रं बाळा, एवढेच त्यांना विचारायचे होते.

मी सगळे कागद मागवून वाचले. दाव्यात आदेश १ नियम ८ ची परवानगी मागितलेली नाही. जाहीर नोटीस नाही. मग ते तिघे कोणाचेच प्रतिनिधी नव्हते. बांधले गेले असतील तर फक्त आपल्यापुरते. आणि प्रतिनिधी होते असे समोरचा म्हणत असेल, तर तडजोडीला कोर्टाची परवानगी कुठे आहे? वाट कोणतीही धरली तरी त्याला हे उत्तर द्यावेच लागेल. आजींना मी एवढे कायद्याचे सांगितले नाही. जात नाही, असे सांगितले, आणि महाडच्या दाव्याची गोष्ट सांगितली. ती त्यांना लगेच समजली.

आता सदतीस घरांच्या वतीने आम्ही प्रातिनिधिक दावा लावतो आहोत. वादी कोण असावे यावर विहारात दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत शिकलेला, मुंबईत नोकरीला असलेला एक मुलगा सर्वांनी पुढे केला. मी म्हटले, तारखेला कोण हजर राहील ते बघा. दुसऱ्या बैठकीत गावातच राहणारे दोघे ठरले, त्यात एक त्या आजी. जाहीर नोटिशीचा खर्च घरटी वर्गणीने जमतो आहे. मुंबई-पुण्यात गेलेल्या अकरा घरांचे पत्ते अजून मिळायचे आहेत. त्यांना पोस्टाने वेगळी नोटीस पाठवायची आहे. त्या तिघांनाही प्रतिवादी करून नोटीस जाईल.